निराधारांची कैवारीण : डोरोथिया डिक्स

दीनदुबळ्यांचा कैवार घेणारी माणसे सर्व देशांत व सर्व काळी होऊन गेली आहेत. भुकेल्यास अन्न दिले तर तो दुवा देतो. आजाऱ्याची शुश्रूषा केली तर तो बरा होऊन केलेले उपकार स्मरतो. परंतु आपल्यावर अन्याय होत आहे हे ज्यास धडपणे सांगता येत नाही, सांगितले तरी ज्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि ज्याच्याशी असलेले नाते उघड करण्याची खुद्द त्याच्या घरच्यांसच लाज वाटते, अशा वेड्या, अतिवृद्ध व पंगू माणसांची बाजू घेऊन उभे राहणारे लोक फारच विरळा. त्या विरळा लोकांत अमेरिकेतील एका शिक्षिकेचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. तिचे नाव डोरोथिया लिंड डिक्स. आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत सातासमुद्रांपलीकडील स्त्रीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस देण्याचे आम्ही योजिले आहे.

बालपण

डोरोथियाचा जन्म ४ एप्रिल १८०२ रोजी अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील हॅम्पडेन या लहानशा गावी झाला. हा मुलूख त्या वेळी मॅसॅच्युसेट्स राज्यात मोडत असे. पुढे तो मेन या नावाने निराळे राज्य झाला. वडील फिरते धर्मोपदेशक होते. त्यांचे घराकडे लक्ष नसे आणि त्यांस मद्याचे व्यसनही होते. आई सदा आजारी व खिन्न असे. घरात दोन धाकटे भाऊ. वडिलांच्या उपदेशपर पुस्तिकांची पाने शिवण्याचे व चिकटविण्याचे काम या मुलीकडे असे, आणि त्यातून उरलेल्या वेळात भावांची उठाठेव करावी लागे. खेळण्याचे वय तिच्या वाट्यास असे आलेच नाही.

बारा वर्षांची झाल्यावर ती बोस्टन शहरी आपल्या आजीकडे राहावयास गेली. आजी सुखवस्तू होती, पण तितकीच करडी. शिस्त, काटकसर आणि कामाची टापटीप हे गुण डोरोथियाने तेथे उचलले. पुढे वूस्टर या गावी नात्यातील एका वृद्ध बाईंकडे असताना तिने लहान मुलांसाठी एक शाळा काढली. त्या वेळी शिक्षिकेचे वय अवघे चौदा वर्षांचे होते! मुलांनी आपणास मोठी समजावे म्हणून ती लांब झगा घाली व चेहरा गंभीर ठेवी, असे सांगतात. नवख्या मास्तरांस पहिल्या दिवशी वर्गात काय वाटते हे आम्ही अनुभवाने जाणतो. त्यामुळे त्या चौदा वर्षांच्या मुलीविषयी आम्हांस कौतुक तर वाटतेच, पण थोडे हसूही येते.

शिक्षिकेचा पेशा

१८२१ साली डोरोथियाबाईंनी बोस्टनमध्ये आजीच्या वाड्यातच मुलींची शाळा सुरू केली. याच वाड्याच्या आवारातील एका कोठारात त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी विनामूल्य वर्ग चालविला. १८२४ साली त्यांनी मुलांसाठी नित्याच्या व्यवहारातील वस्तूंची माहिती संवादरूपाने देणारे एक पुस्तक लिहिले. ते इतके लोकप्रिय झाले की, पुढील काळात त्याच्या साठ आवृत्त्या निघाल्या. सकाळी स्वतःचा अभ्यास, दिवसभर शाळा, रात्री लेखन असा त्यांचा क्रम होता. या अतिश्रमांनी प्रकृती ढासळली. फुप्फुसाच्या विकाराने त्यांस ग्रासले आणि १८३६ साली शाळा बंद करून हवापालटासाठी इंग्लंडला जावे लागले.

लिव्हरपूल येथे रॅथबोन नावाच्या परोपकारी गृहस्थांच्या घरी त्या वर्षाहून अधिक काळ राहिल्या. अंथरुणाला खिळलेल्या त्या दिवसांतच त्यांच्या पुढील आयुष्याचे बीज पेरले गेले. वेड लागलेल्या माणसास साखळदंडाने न बांधता, ममतेने, स्वच्छतेने व नियमित कामात गुंतवून ठेवल्यास त्याची प्रकृती सुधारते, हा विचार इंग्लंडमध्ये तेव्हा मूळ धरीत होता. यॉर्क शहरी विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने १७९६ साली उघडलेले आश्रयस्थान हे त्याचे नावाजलेले उदाहरण होय. ही माहिती बाईंनी तेथे मिळविली. इकडे १८३७ साली आजी वारली. तिने मागे ठेवलेल्या उत्पन्नावर साधेपणाने राहिल्यास पोटासाठी नोकरी करण्याची गरज उरली नाही. दुसरी एखादी बाई अशा वेळी स्वस्थ बसली असती!

तुरुंगातील तो रविवार

२८ मार्च १८४१ हा रविवारचा दिवस होता. बोस्टनजवळील ईस्ट केंब्रिज येथील तुरुंगात स्त्री-कैद्यांस धर्मपाठ सांगण्यासाठी कोणी मिळेना, म्हणून डोरोथियाबाई गेल्या. पाठ आटोपल्यावर त्यांनी तुरुंगाच्या इतर कोठड्या पाहिल्या. तेथे काही वेड्या स्त्रिया कोंडलेल्या होत्या. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. त्यांस ठेवण्यास अन्यत्र जागा नाही एवढाच त्यांचा अपराध. बर्फ पडणाऱ्या त्या मुलखात इतर कैद्यांस शेकोटी होती, यांच्या कोठडीत मात्र काहीच नव्हते. विचारणा केली तेव्हा तुरुंगाधिकाऱ्याने सांगितले की, वेड्यांस थंडी वाजतच नाही, आणि विस्तव ठेवणे धोक्याचे.

हे उत्तर क्रूर मनुष्याचे नसून सर्वसाधारण मनुष्याचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याचे दुःख पाहण्याची आपली तयारी नसते, त्यास दुःखच होत नाही अशी समजूत आपण करून घेतो. बाईंनी वाद घातला नाही. त्या थेट न्यायालयाकडे गेल्या आणि त्या कोठडीसाठी शेगडी मिळवूनच थांबल्या. डॉ. सॅम्युअल हौ व चार्ल्स सम्नर या प्रतिष्ठित गृहस्थांनी बाईंच्या म्हणण्यास दुजोरा दिला. विख्यात शिक्षणतज्ज्ञ होरेस मान यांचाही पाठिंबा मिळाला.

त्या काळची व्यवस्था

एका तुरुंगात असे आहे तर राज्यात इतरत्र काय असेल, हा प्रश्न बाईंस स्वस्थ बसू देईना. येथे त्या काळची रीत थोडी समजावून सांगणे अवश्य आहे. निराधार माणसांचा सांभाळ करण्याची जबाबदारी तेथे ज्या त्या गावावर असे. गावाच्या तिजोरीतून पैसा जाई, म्हणून तो जितका कमी जाईल तितके गावकऱ्यांस बरे वाटे. वूस्टर येथे १८३३ साली राज्याचे मनोरुग्णालय उघडले होते. परंतु ते अपुरे, आणि तेथे पाठविण्याचा खर्च गावच्या गरीबखान्यापेक्षा अधिक. कित्येक गावी तर निराधारांचा उलट लिलाव होत असे. म्हणजे या माणसास सर्वांत कमी पैशांत वर्षभर कोण पोसतो असे विचारावयाचे, आणि जो सर्वांत कमी रक्कम सांगेल त्याच्या हवाली त्यास करावयाचे. मग तो मनुष्य आपला नफा कोठून काढणार? अर्थात त्या दुर्दैवी जीवाच्या अन्नातून, वस्त्रातून व पांघरुणातून. अत्याचारास नेहमी दुष्ट मनुष्यच लागतो असे नाही. व्यवस्थाच अशी असली म्हणजे सामान्य मनुष्यही तेच काम करतो.

दोन वर्षांची पाहणी

सुमारे दोन वर्षे डोरोथियाबाई एकट्या मॅसॅच्युसेट्स राज्यात गावोगाव फिरल्या. प्रकृती नाजूक, प्रवास घोडागाडीचा, हिवाळा कडक. प्रत्येक गावी तुरुंग व गरीबखाना पाहावयाचा, पुढच्या खोल्या पाहून समाधान न मानता मागील कोठी, तळघर व परसातील खोपटी उघडून दाखविण्यास सांगावयाचे, आणि जे दिसेल ते गावाच्या नावासह वहीत टिपून ठेवावयाचे, ही त्यांची पद्धत. आमच्या शिक्षकी पेशात आम्ही अनेक तपासण्या पाहिल्या. साहेब येणार म्हणून भिंती रंगतात, आणि साहेबांची पाठ वळली की सर्व पूर्ववत होते. डोरोथियाबाईंच्या तपासणीचे सामर्थ्य पूर्वसूचनेशिवाय जाण्यात आणि मागील दार उघडावयास लावण्यात होते.

त्यांस जे दिसले ते वाचताना आजही अंगावर काटा उभा राहतो. माणसे पिंजऱ्यांत, तळघरांत, गुरांच्या गोठ्यांसारख्या कप्प्यांत कोंडलेली. काही साखळदंडांनी जखडलेली, काही उघडीनागडी, काहींस काठीने मारून वठणीवर आणण्याची चाल. लिंकन या गावी एक स्त्री पिंजऱ्यात होती. मेडफर्ड गावी एक मतिमंद मनुष्य साखळीने बांधलेला होता, आणि दुसरे एक माणूस बंदिस्त कप्प्यात सतरा वर्षे पडून होते. सतरा वर्षे! त्या अवधीत एखादे मूल जन्मून, शाळा शिकून कमावते होते.

विधिमंडळापुढील अर्ज

ही सर्व हकीकत बाईंनी एका निवेदनात एकत्र केली आणि जानेवारी १८४३ मध्ये ती राज्याच्या विधिमंडळापुढे ठेविली. स्त्रियांस त्या काळी मताधिकार नव्हता, मग विधिमंडळात बोलण्याची गोष्टच नको! म्हणून सभासद असलेल्या डॉ. हौ यांच्या हस्ते निवेदन सादर झाले. त्यात भाषेचा फुलोरा थोडा आणि गावांची नावे पुष्कळ होती. साहजिकच मोठे वादळ उठले. आमच्या गावाची नाहक बदनामी झाली, बाईंनी तिखटमीठ लावून लिहिले, असे ठिकठिकाणचे अधिकारी म्हणू लागले. परंतु ज्याने स्वतः मागील दार उघडून पाहिले त्याच्याशी, ज्याने ते कधी उघडलेच नाही त्याने किती काळ वाद घालावा? अखेर वूस्टरचे रुग्णालय वाढविण्याचा ठराव मंजूर झाला.

राज्योराज्यी

यानंतर बाईंनी एकेक करून इतर राज्ये हाती घेतली. १८४० नंतरच्या त्या दशकात अवघ्या तीन-चार वर्षांत त्यांनी सुमारे १०,००० मैल प्रवास केला, आणि राज्यांचे १८ मोठे तुरुंग, सुमारे ३०० जिल्हा-तुरुंग व ५०० हून अधिक गरीबखाने डोळ्यांखालून घातले. ऱ्होड आयलंड राज्यात सायरस बटलर नावाचे एक धनाढ्य पण हात आखडता ठेवणारे गृहस्थ होते. बाईंनी त्यांची भेट घेऊन हकीकत सांगितली आणि त्यांनी ४०,००० डॉलर दिले. त्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८४७ साली उघडले. न्यू जर्सी राज्यात १८४५ साली प्रयत्न सफल होऊन १८४८ मध्ये ट्रेंटन येथे नवे रुग्णालय सुरू झाले. त्यास त्या आपले पहिले अपत्य मानीत.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हकीकत विशेष हृद्य आहे. १८४८ च्या अखेरीस रॅली या राजधानीत बाईंचा प्रस्ताव पैशाच्या अभावी फेटाळला गेला. त्या ज्या खाणावळवजा विश्रामगृहात उतरल्या होत्या, तेथेच जेम्स डॉबिन या सभासदांची पत्नी अत्यवस्थ होती. बाईंनी तिची शुश्रूषा केली. या उपकाराची फेड कशी करू, अशा अर्थाचे त्या मरणोन्मुख स्त्रीने विचारले असता बाईंनी आपल्यासाठी काही मागितले नाही. पतीने रुग्णालयाच्या बाजूने बोलावे एवढेच मागितले. पत्नीचा अंत्यविधी उरकून डॉबिन सभागृहात आले व इतके कळकळीने बोलले की, विरुद्ध असलेली सभा अनुकूल झाली. ते रुग्णालय १८५६ साली उघडले. त्यास आपले नाव देण्यास बाईंनी संमती दिली नाही. तेव्हा लोकांनी ती टेकडी त्यांच्या घराण्याच्या नावाने ओळखण्यास आरंभ केला.

मोठा अपेक्षाभंग

राज्याराज्यांच्या दारी किती फिरावे, म्हणून १८४८ साली बाईंनी देशाच्या मध्यवर्ती विधिमंडळाकडे मागणी केली की, सरकारी मालकीची जमीन राखून ठेवावी व तिच्या उत्पन्नातून निराधार मनोरुग्णांची कायमची सोय व्हावी. सहा वर्षे त्यांनी या मागणीचा पाठपुरावा केला. अखेर १८५४ साली १,२२,२५,००० एकर जमिनीचे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले. पैकी एक कोटी एकर मनोरुग्णांसाठी व उरलेली अंध, बहिरे व मुके यांच्यासाठी होती. परंतु राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी ३ मे १८५४ रोजी ते नामंजूर केले. असा दानधर्म मध्यवर्ती सरकारचे काम नसून त्या त्या राज्याचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. सहा वर्षांचे श्रम एका सहीने वाया गेले.

बाई खचल्या, आजारी पडल्या व विश्रांतीसाठी पुन्हा इंग्लंडला गेल्या. पण त्यांची विश्रांती ती कसली! १८५५ साली स्कॉटलंडमध्ये त्यांस असे आढळले की, खाजगी मालक पैसे घेऊन वेड्यांस घरात ठेवून घेतात आणि त्यांची उपासमार करतात. स्थानिक अधिकारी दाद देईनात, तेव्हा रात्रीच्या गाडीने लंडन गाठून त्यांनी गृहमंत्र्यांची भेट घेतली. त्यातून चौकशी मंडळ नेमले गेले आणि १८५७ साली स्कॉटलंडसाठी स्वतंत्र कायदा झाला. परक्या देशातील एका पाहुण्या बाईने हे घडवून आणावे, याचे तेथील लोकांस आश्चर्य वाटले. काहींस रागही आला.

युद्ध व अखेर

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्या वेळी बाईंचे वय एकोणसाठ होते. त्यांनी विनावेतन सेवा देऊ केली व सैन्यातील परिचारिकांच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे काम त्यांनी निष्ठेने केले. मात्र करड्या स्वभावामुळे डॉक्टरांशी त्यांचे खटके उडत आणि पुढे त्यांचे अधिकारही कमी करण्यात आले. युद्ध संपताच त्या आपल्या मूळ कार्याकडे वळल्या. एकंदर ३२ रुग्णालये त्यांच्या खटपटीने नवी निघाली अथवा वाढविली गेली, असे मानतात. १८८१ साली थकलेल्या अवस्थेत त्या ट्रेंटनच्या रुग्णालयात राहावयास आल्या. ज्यास त्या आपले पहिले अपत्य म्हणत, त्यानेच त्यांस वृद्धापकाळी आसरा दिला. १७ जुलै १८८७ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

चरित्रकाराने उणिवा झाकू नयेत, असे आमचे मत आहे. बाईंच्या काळात त्यांच्या देशात गुलामगिरी होती. तिच्याविरुद्ध त्यांनी आवाज उठविला नाही. तसेच त्यांनी उभारविलेली रुग्णालये पुढे गर्दीने भरून गेली. १९५५ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती, आणि ज्या हेळसांडीविरुद्ध बाई लढल्या तीच काही ठिकाणी त्या भिंतींच्या आत शिरली. इमारत बांधली म्हणजे काम संपले असे होत नाही. तेथे वारंवार जाऊन मागील दार उघडून पाहणारा कोणी असावा लागतो.

आपल्या घरांसाठी

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. हे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशासाठी?

साखळदंड ही केवळ परदेशातील व जुन्या काळातील गोष्ट नव्हे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रयगृहास आग लागली. तेथील माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांस पळता आले नाही आणि २८ जण प्राणांस मुकले. त्यांपैकी अनेकांस घरच्यांनीच तेथे आणून सोडले होते. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई झाली. आपल्या महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. वृद्ध मातापित्यांसाठी २००७ चा कायदा आहे. सांभाळण्याची जबाबदारी असताना वृद्धास वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास त्यान्वये तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दंड होऊ शकतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर वा जमीन लिहून घेऊन मग आईबापांस दूर लोटले, तर तो व्यवहार रद्द करून घेण्याचीही सोय त्यात आहे. कायदे असे आहेत. पण घराच्या मागील खोलीतील माणूस न्यायाधिकरणाची पायरी कशी चढणार?

येथे आम्ही थोडे स्पष्ट लिहितो. वाचकांनी राग मानू नये. आपल्या मंडळाच्या वधूवर मेळाव्यात आपण कुटुंबाची माहिती लिहून देतो. मुलाचे शिक्षण, पगार, शेती, घर सर्व लिहितो. घरात एखादा भाऊ वेडसर असेल, आत्या अपंग असेल, आजीस भ्रम झाला असेल, तर ते नाव तेवढे गाळतो. सोयरीक मोडेल ही भीती त्यामागे असते, आणि ती भीती खोटी आहे असेही आम्ही म्हणत नाही. पाहुणे यावयाचे असले की त्या माणसास मागील खोलीत नेऊन बसवितात व बाहेरून कडी लावतात. आधी तासाभरासाठी, मग दिवसभरासाठी. पुढे पुढे तो माणूस घरात आहे हेच घर विसरू लागते. त्याचे ताट उशिरा जाते, त्याचे कपडे शेवटी धुतले जातात, त्याच्या नावावरील जमिनीच्या कागदावर मात्र त्याचा अंगठा वेळेवर घेतला जातो. हे सर्व करणारी माणसे दुष्ट असतात असे नाही. तुमच्याआमच्यासारखी चार लोकांत नावाजलेली, देवभोळी व वर्गणी वेळेवर देणारीच ती असतात.

ही भीती एकट्या कुटुंबाने घालवावयाची म्हटले तर घालविता येत नाही, कारण ती आपण सर्वांनी मिळून निर्माण केली आहे. ज्ञातिसंस्था असते ती अशा कामासाठी. म्हणून मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवितो. पहिली अशी की, दर गावी मंडळाने दोन वडीलधारी माणसे, त्यांत एक स्त्री, नेमावीत. सणावारी फराळाची पुडी घेऊन त्यांनी ज्ञातीतील वृद्ध, अपंग व मनोरुग्ण माणसांस प्रत्यक्ष भेटावे. घरच्यांशी बोलून परत न फिरता त्या माणसाशी दोन शब्द बोलावेत, त्याचे अंथरूण पाहावे, त्यास औषध मिळते किंवा नाही याची विचारपूस करावी. कुटुंबाची ऐपत नसेल तर मदत करावी. जेथे मारहाण वा उपासमार दिसेल तेथे संकोच न करता सरकारदरबारी दाद मागावी. दुसरी सूचना सोपी आहे. आजारी नातलगाचे नाव उघडपणे लिहून देणाऱ्या कुटुंबाशी सोयरीक करण्यास आपण मागे सरू नये. जे घर आपल्या दुबळ्या माणसास पुढील ओसरीवर बसविते, त्या घरात आपली लेक सुखरूप राहील, हे ओळखण्यास पत्रिकेची जरुरी नाही.

डोरोथियाबाईंपाशी सत्ता नव्हती, मताधिकार नव्हता, प्रकृतीही धड नव्हती. एक वही होती आणि दार उघडा म्हणून सांगण्याचे धैर्य होते. यंदाच्या दिवाळीत ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी एकमेकांच्या घरी जावे, फराळ करावा, आणि निघण्यापूर्वी घरातील सर्वांत दुबळे माणूस कोठे आहे हे विचारून त्यास भेटूनच निघावे, अशी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.